गाडीच्या पोटातली टाकी

अन्याय एका बाळंतिणीवर झाला. कधी, तर ऊसतोडीची टोळी सिरसाळ्याजवळच्या शिवारात उतरल्याच्या सोळाव्या दिवशी, मंगळवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. मिनिटासकट सांगते, कारण मी दाराबाहेर मोबाइल हातात घेऊन उभी होते आणि आतून ती म्हणाली, "ताई, पाणी गेलं वो."

ओरडली नाही, नुसती म्हणाली. डोक्याला साबण, अंगाला साबण, थंडीचे दिवस, आणि आवाज असा की जणू तिचंच काही चुकलंय. तिच्या जागी मी असते तर शिव्या घातल्या असत्या.

ऊसतोडीला आलेली बाई. वय वीस. नऊ दिवसांपूर्वी बाळंत झालेली, टाके पडलेले. दवाखान्यातल्या सिस्टरनी सुटी देताना तिच्या सासूला बजावून सांगितलं होतं की रोज दोन वेळा स्वच्छ पाण्यानं धुवायचं, कोरडं ठेवायचं, नाहीतर टाके चिघळतील. सासूनं मान डोलावली. मान डोलावणं सोपं असतं. टोळीची वस्ती म्हणजे उसाच्या शेंड्यांचं वाढं आणि प्लॅस्टिकचा कागद यांच्या कोप्या. आत वाकून जायचं, वाकून बाहेर यायचं. तिथं न्हाणी कुठली? दोन बायांनी लुगडं ताणून धरायचं, त्याच्यामागं तिसरीनं तांब्याभर पाणी घ्यायचं, तेही उजाडायच्या आत. आणि अकराव्या दिवशी तिला फडात उभं राहायचं होतं, कारण नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि मुकादमाला अर्धा कोयता चालत नाही.

तिला रोज दोन वेळा स्वच्छ पाणी आणि बंद दार मिळावं, एवढीच गोष्ट होती. पुढं जे काही सांगणार आहे ते एवढ्याचसाठी चाललं होतं.

मी ऊसतोड बायांच्या एका लहानशा गटात काम करते. काम म्हणजे पत्रकं लिहिते. माझी आई कितीतरी हंगाम तोडीला गेली आणि मी वसतिगृहात राहून शिकले. मला लिहिता येतं आणि राग येतो, या दोन गोष्टींवर गटानं मला घेतलं. दोन वर्षं मी एकच मागणी वेगवेगळ्या शब्दांत लिहीत होते: टोळी जिथं उतरेल तिथं बायांना दार लागणारी न्हाणी द्या. मागणी कारखान्याकडे होती, सरकारकडे होती. मिळालं काय? पुण्याच्या एका गृहस्थाचं फिरतं घर.

जीपच्या मागं जोडून सुटीत समुद्रकाठी न्यायची गाडी. पांढरी, दोन चाकांची, पुढं टेकायला लोखंडी पाय. आत एक पलंग, एक ओटा, आणि कपाटाएवढं न्हाणीघर, त्यात संडाससुद्धा. गृहस्थांची मुलं मोठी झाली, गाडी पार्किंगमध्ये उभी राहिली, सोसायटीवाले कुरकुर करू लागले. तेव्हा त्यांना बायांचा सन्मान आठवला. त्या मंगळवारच्या आदल्या दिवशी गाडीवर तसा बॅनर लावूनच ती आली. आमच्या भागातले एक पुढारी नारळ फोडायला आले, बायांना रांगेत उभं करून फोटो काढले आणि चहा न घेता गेले. टोळीतले गडी लांब उभे राहून बघत होते. एक म्हणाला, "आंगुळीला मोटारगाडी! आता दाढीला इमान येतंय का काय बे?"

सगळे हसले. मीपण हसले. मला वाटलं होतं, जिंकलो.

गाडी पोचवायला आलेल्या माणसानं पाच मिनिटांत सगळं शिकवलं. ह्या भोकातून पाणी भरायचं. हे बटण दाबलं की मोटर चालू. संडासचं खोकं इथून ओढायचं, लांब नेऊन ओतायचं. आतल्या भिंतीवर चार लाल दिवे, चारही पेटले की टाकी भरली. आणि एका कागदावर माझी सही घेतली, की वस्तूत कोणताही बदल करणार नाही. मी विचारलं, "न्हाणीचं पाणी कुठं जातं?"

"जातं की खाली."

बस्स. मी पुढचं काही विचारलं नाही. मोरीचं पाणी खाली जातं यात विचारायचं काय? आमच्या घरी ते अळवाला जातं.

मोटर छतावरच्या सोलरच्या बॅटरीवर चालायची, रात्रीसुद्धा. रानात जशी मोटर ऑटोवर टाकून ठेवतात, लाइट कधीही येवो, तशीच मी ही चालू ठेवली. बटणावर चिकटपट्टीनं कागद लावला: 'बंद करू नये.' माझं अक्षर चांगलं आहे.

पाणी भरायला एक टँकरवाले मामा होते. सिरसाळ्याच्या अलीकडं त्यांचं शेत, शेतात बोअर. ट्रॅक्टरला जोडलेला जुना टँकर घेऊन ते संध्याकाळी घराकडं जाताना वस्तीवर थांबायचे आणि गाडीची टाकी भरून द्यायचे. कुणी सांगितलं नव्हतं. "माझी बी बहीण जाती तोडीला," एवढंच म्हणाले होते. टाकी शंभर लिटरची. चार दिवे पेटले की मी न्हाणीघराचं दार लागलंय का बघायची, गाडीला कुलूप घालायची आणि सिरसाळ्याला मुक्कामाला जायची. सकाळी येऊन उघडायची.

मंगळवारी सकाळी उघडलं तेव्हा एक दिवा पेटलेला होता. मला वाटलं, दिवाच बिघडला. तिला आत पाठवलं. पुढचं वर सांगितलंय.

सासू धावत घागर घेऊन आली. ती पन्नाशीची, काटक, तोंडानं तिखट. दारातून घागर आत सरकवत मला म्हणाली, "काल भरली नव्हती का वो टाकी?"

"मावशी, माझ्यासमोर भरली. चारही दिवे पेटले होते."

"मग काय दिवं पिले का पाणी?"

त्या संध्याकाळी मामांनी पुन्हा भरली. बुधवारी सकाळी उघडली तर एकही दिवा नाही. मोटर मात्र घरघरत होती. मी म्हटलं, चला, मोटर तरी चालू आहे.

सिरसाळ्याहून प्लंबर आणला. बोअरच्या मोटारी, नळाचे पाइप, टाक्या हे त्याचं रोजचं काम, हात चालणारा माणूस. तो गाडीखाली उताणा झोपून आत सरकला आणि थोड्या वेळानं त्याचा आवाज आला, "ताई, इथं तर काईच न्हाई!"

"काही नाही म्हणजे?"

"पाइप न्हाई, टाकी न्हाई. सगळं काळ्या पत्र्यानं झाकलंय. पत्रा बी न्हाई, पिलास्टिक हाय. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. इस्क्रू मारल्यात. खोलू का?"

मी म्हटलं, नको. सही केली होती ना मी. वस्तूत बदल करणार नाही. उद्या गाडी परत मागितली तर बायांचं काय? ज्या कागदावर विश्वास ठेवू नये असं मी लोकांना सांगत फिरते, त्याच कागदाला मी घाबरले. हे लिहिताना मला लाज वाटते, पण लिहिते.

तो बाहेर आला, पाठीची माती झटकली. "मग गळती हुडकायची कशी? वरून हात लावून ताप बघतू का?"

मग मला एक युक्ती सुचली, आणि तिचा मला तेव्हा फार अभिमान वाटला. माझ्याकडं जुन्या पत्रकांचा गठ्ठा होता, मागच्या हंगामातला, वाटून उरलेला. ती पत्रकं आम्ही गाडीखाली एकाला एक लावून अंथरली. प्रत्येकावर छोटा दगड. जिथला कागद ओला होईल त्याच्यावर गळती. मामांकडून दुपारीच एक खेप मागवली, आणि सासूनं गावाकडून आणलेली कपड्यांची नीळ मी टाकीत टाकली, म्हणजे थेंब नजरेतून सुटायला नको. प्लंबर बघतच राहिला. म्हणाला, "ताई, तुमची पत्रकं पहिल्यांदा कुणाच्या कामाला आली."

तासाभरानं पुढच्या बाजूचे दोन कागद निळे झाले. मोटरीजवळचा सांधा गळत होता. ती बाजू आतून, ओट्याखालची फळी काढून दिसत होती. खालचं काही खोलायला लागलं नाही. प्लंबरनं मोटर बंद केली, सांधा काढला, नवी सील बसवली, टेप गुंडाळली, मोटर पुन्हा चालू केली. नवे कागद अंथरले. कोरडे. बायांनी टाळ्या वाजवल्या. निळं पाणी न्हाणीतून सोडून दिलं, संध्याकाळी मामांनी स्वच्छ पाणी भरलं. बाळंतीण दारात बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "उद्या डोक्यावरून घेते मग."

गुरुवारी सकाळी टाकी रिकामी.

मी गाडीखाली वाकून बघितलं. कागद सगळे कोरडे. एकेक उचलून गालाला लावून बघितलं. ठणठणीत कोरडे. माझंच जुनं वाक्य मला वाचायला मिळालं: 'पाणी हा हक्क आहे, उपकार नाही.'

आता तुम्ही विचार करा. टाकी भरलेली. खाली एक थेंब नाही. वापरलं कुणी नाही. सकाळी टाकी रिकामी. मग पाणी गेलं कुठं? मला एकच उत्तर सुचलं, कारण मला त्याचीच सवय आहे. पाणी गेलं नाही, कुणीतरी नेलं.

आणि शुक्रवारी मी नेहमीपेक्षा लवकर वस्तीवर पोचले, तर मामांचा टँकर गाडीला लागून उभा होता आणि मामांच्या हातातला पाइप टाकीच्या भोकात होता. मला बघून ते हसले, म्हणाले, "आलाव का ताई." मी विचारलंसुद्धा नाही. वळले, सिरसाळ्याला परत आले, चहाच्या हॉटेलात बसले आणि एका बैठकीत लिहून काढलं. मथळा: 'बायांच्या अंघोळीचं पाणी कोण पळवतं?' खाली: 'संध्याकाळी भरायचं, सकाळी उपसायचं, आणि वर दानशूर म्हणून मिरवायचं. हा कसला न्याय?' नाव नाही लिहिलं. पत्रकात नाव लिहायचं नसतं, ते आम्हाला शिकवलेलं आहे. छापायलाही लागलं नाही. मोबाइलवरून दुपारपर्यंत घाटनांदूरला पोचलं होतं.

त्या संध्याकाळी मामा आले नाहीत. शनिवारी आले, टँकर न आणता, मोटारसायकलवर. वस्तीच्या कडेला उभे राहिले. मी गेले.

"नाव लिव्हलं न्हाई तुमी," ते म्हणाले. "पर ह्या रस्त्याला टँकर एकच हाय, ताई."

"मग शुक्रवारी सकाळी पाइप टाकीत कावून होता?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं. टोचावं म्हणून.

"भराया. ह्या मावशीनं सांगितलं, पाणी राहत न्हाई, पोरीला सकाळी लागतंय. म्हणून पहाटं फिरून आलतो. तुमी यायच्या आत भरावं म्हटलं." मग म्हणाले, "इचारलं असतं तर सांगितलं असतं."

मी सासूकडं बघितलं. ती म्हणाली, "मीच सांगितलतं." आणि मान दुसरीकडं केली.

मी चुकले असं मी लगेच म्हणाले नाही. म्हणाले, बघू, खात्री करू. काय खात्री करणार होते? मामांनी मोटारसायकलला किक मारली. पाणी बंद झालं.

तोपर्यंत बाळंतीण फडात जायला लागली होती. उसाची पानं अंगाला कापतात, कुसळं शिरतात, घामानं सगळं चरचरतं. संध्याकाळी मोळ्या वाहून परतली की तिला नीट बसता यायचं नाही. सासू एका बोअरवरून, शेताच्या पलीकडून, डोक्यावर पाणी आणायला लागली. मी म्हटलं, मावशी, दोन-चार बाया मिळून गाडीच्या टाकीत टाका, म्हणजे नळाला येईल.

ती घागर खाली न ठेवताच म्हणाली, "डोक्यावरचं पाणी मी त्या गाडीच्या भोकात न्हाई वतायची. सरकारला दिलं तर दिसतंय तरी कुठं मुरलं ते. हिचं तेबी दिसंना."

मग असं ठरलं की गाडीचा निदान आडोसा घ्यायचा. बादलीत गरम पाणी, न्हाणीघरात बसून तांब्यानं घ्यायचं. दार तर आहे ना, दार लावता येतं. रविवारी संध्याकाळी सासू सुनेला घेऊन आत गेली. दोन मिनिटांत आतून आरडाओरडा.

"ताई! मोरी भरली! पाणी खालून वर यायलंय!"

दार उघडलं. न्हाणीच्या भोकातून पाणी वर येत होतं, साबणाचा आंबूस वास असलेलं, फिकट निळं. बाळंतीण पायाच्या घोट्याएवढ्या त्या पाण्यात एक पाय वर धरून उभी, भिंतीला हात, आणि सासू तिला बगलेत धरून बाहेर ओढत होती. दोन वेळा स्वच्छ पाण्यानं धुवायचं, असं सांगितलं होतं सिस्टरनी.

निळं पाणी. बुधवारी सोडून दिलेली नीळ रविवारी परत आली. म्हणजे पाणी खाली गेलंच नव्हतं. जमिनीवर कुठंच गेलं नव्हतं. गाडीच्या आतच कुठंतरी बसलं होतं.

सोमवारी प्लंबर आला. आता मी स्वतःच म्हटलं, खोला. सह्या गेल्या खड्ड्यात. तो आत सरकला, मीही त्याच्या बाजूनं पाठीवर सरकले. काळं प्लॅस्टिक मधोमध खाली झुकलं होतं, पोट आल्यासारखं. त्यानं बोटाच्या पेरानं वाजवलं. बद्द आवाज. आम्ही एकमेकांकडं बघितलं. चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर ते लोंबत होतं.

"सरका बाजूला," तो म्हणाला. "लई वजन हाय हे. ह्याच्याखाली मी झोपलो व्हतो बुधवारी!"

कडेचे स्क्रू काढून त्यानं एक कोपरा सोडवला. आत टाकी होती. पसरट, राखाडी, परातीसारखी उथळ पण गाडीच्या रुंदीएवढी, वरच्या टाकीच्या पाच-सहापट तरी. न्हाणीचा पाइप तिच्यात, ओट्याच्या भांडी घासायच्या भांड्याचा पाइप तिच्यात. बाहेर सोडायची खिट्टी चाकाच्या मागं, प्लॅस्टिकच्या आत दडलेली. ती असल्याचं कुणाला माहीत असणार?

प्लंबरनं खिट्टी ओढली. पाणी आलं. आलं, आलं, येतच राहिलं. आधी फेसाळ, मग निळसर, मग अधूनमधून अगदी नितळ. बाया घागरी, पातेली, प्लॅस्टिकचे डबे घेऊन धावल्या. कपडे धुवायला तरी होईल म्हणून. निम्म्याच्या वर काळ्या मातीत गेलं.

"ही तर वापरलेल्या पाण्याची टाकी," प्लंबर म्हणाला. "पर एवढं वापरलं कुणी? ताई, ती मोटर सकाळी घरघरत व्हती म्हणलात ना? ह्या मोटरी नळ बंद केला की आपसूक गप बसत्यात. घरघरत व्हती म्हंजी नळ उघडा व्हता कुठंतरी." तो बायांकडं वळला. "नळ उघडा ठेवतंय का कुणी?"

बाया त्याच्याकडं असं बघायला लागल्या की यानं काय विचारलं.

"उघडाच असतोय की," सासू म्हणाली. "मीच ठिवते. नळ उघडा न्हाई ठिवला तर पाणी आल्यालं कळणार कसं?"

मी खाली बसले. तिथंच, ओल्या मातीत.

कारण आमच्या घरी पण नळ उघडाच असतो. अर्ध्या बीड जिल्ह्यात असतो. पाणी आठ दिवसांनी येवो, बारा दिवसांनी येवो. नळ बंद करणं म्हणजे पाण्याला दार लावणं. नळाखाली पितळी पातेलं पालथं ठेवायचं, पाणी आलं की टणटण वाजतं आणि गल्लीभर बाया पळतात. आमच्या नळाला तर तोटीच नव्हती; वडिलांनी लावली तेव्हा आईनं काढून टाकली होती. सासूनं तेच केलं होतं. संध्याकाळी सगळी झाडलोट झाली की न्हाणीतला शॉवर खाली मोरीत सोडायचा आणि नळ उघडा ठेवायचा, उद्यासाठी. पाणी बारीक धारेनं, आवाज न करता, एका टाकीतून दुसऱ्या टाकीत जायचं. मोटर चालू. बटणावर माझा कागद. बंद करू नये.

हे सगळं मला कळायला हवं होतं. मी त्याच घरातली आहे. सासूची चूक नाही, तिला उघडा नळ सोडून दुसरा नळ कधी मिळालाच नाही. मी एकदाही तिला विचारलं नाही की मावशी, तुम्ही संध्याकाळी आत काय करता. बायांना मी भाषणात विचारते, 'तुमची अडचण काय?' आणि उत्तर मीच लिहिते.

गाडीवाल्या गृहस्थांना फोन लावला. दुसरी टाकी आहे, ती रिकामी करावी लागते, हे सांगितलं का नाही?

"अरे हो!" ते म्हणाले. "ती जास्तीची टाकी! मीच हौसेनं बसवून घेतली होती. आठवडाभर कुठं थांबलं तरी चिंता नको म्हणून. विसरलोच बघा." मग म्हणाले, "बायका वापरतायत ना? फोटो पाठवा की."

मी काहीतरी बोलले. काय ते इथं लिहीत नाही.

मामांकडं गेले. अंगणात उभं राहून सगळं सांगितलं, माफी मागितली. ते ऐकून घेत होते, त्यांच्या बायकोनं पाणी आणून दिलं. होय, मला प्यायला पाणी दिलं. मग तीच म्हणाली, "पोरी, माफ केलं. पर आता हे पाणी घिऊन तिकडं जायचे न्हाईत. चार लोक अजून इचारत्यात, काय वो, किती पाणी पळिवलं म्हून." मी दुसरं पत्रक लिहिलं: 'चूक आमची होती.' ते कुणी पुढं पाठवलं नाही. पहिलं अजून फिरतंय. परवा लिंबागणेशच्या एका ओळखीच्यानं मलाच पाठवलं, 'बघा काय चाललंय' म्हणून.

बुधवारी टोळीचा त्या शिवारातला ऊस संपला. मुकादमानं सांगितलं, सामान भरा, पुढच्या फडाला जायचं, घाटनांदूरच्या बाजूला. कोप्या मोडल्या, ट्रॅक्टरवर लादल्या. गाडीला ट्रॅक्टर जोडला. चाक हललं नाही. प्लंबरनं खिट्टी ओढली तेव्हा ते सगळं पाणी चाकाखालच्याच काळ्या मातीत गेलं होतं, आणि तो, मी, बाया, कुणाच्याच ते डोक्यात आलं नव्हतं. चाक निम्मं रुतलं होतं. ड्रायव्हरनं दोनदा झटका दिला, गाडीची पुढची लोखंडी दांडी वाकली, कुठंतरी काहीतरी मोडल्याचा आवाज आला.

"ऱ्हाऊ द्या," मुकादम म्हणाला. "ऊस वाळायलाय तिकडं. गाडी तुमची, तुमी बघा."

"आणि बायांनी अंघोळ कुठं करायची?"

"हितं येयाच्या आदी कुठं करत व्हत्या?" तो म्हणाला. मला डिवचायला नाही, अगदी सहज म्हणाला. माझ्याकडं गाडीची किल्ली होती.

ट्रॅक्टरवर सामानाच्या टोकाला बाळंतीण बसली होती. तिला सकाळपासून ताप होता. मी म्हटलं, चल, आधी दवाखान्यात. सासूनं मुकादमाकडं बघितलं, मुकादमानं आकाशाकडं. शेवटी मीच तिला रिक्षात घालून नेली. टाके चिघळले होते. सिस्टर माझ्यावरच रागावल्या, "शिकलेल्या दिसताय, एवढं कळत नाही? स्वच्छ पाणी सांगितलं होतं." मी म्हटलं, हो. कुठल्या टाकीची, कुठल्या नळाची गोष्ट सांगू त्यांना? इंजेक्शनं झाली, गोळ्या मिळाल्या, ड्रेसिंग झालं. पुन्हा तेच सांगितलं, दोन वेळा, स्वच्छ पाणी, कोरडं. दोन दिवसांनी ती नव्या फडावर होती, हातात कोयता. मी तिला तिथं सोडून आले. सोडून आले म्हणजे काय, तर सोडून आले.

ती आहे तिथं आता कुठलीही गाडी नाही. गट बैठक घेणार आहे, मी निवेदन लिहिणार आहे, निवेदनाला पोच मिळेल. तोवर तिचे टाके थांबणार नाहीत.

म्हणून मी आता सरकारकडं नाही, तुमच्याकडं मागते. तुमच्या गावाच्या शिवारात टोळी उतरली असेल तर उद्या कोप्यांपर्यंत चालत जा. कुणी बाळंतीण आहे का विचारा; असतेच. बाईमाणसाला सोबत घेऊन जा, मग तिथल्या बाया सांगतील. तिला तुमच्या घरी आणा, चूल पेटवा, पाणी तापवा, तुमच्या न्हाणीची कडी तिला आतून लावू द्या. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, टाके भरेपर्यंत. दान देऊ नका, बॅनर लावू नका, फोटो काढू नका. आणि हे वाचून कुणाला पुढं पाठवू नका. उठा, आणि पाणी तापवा.